साक्षीदार कुठे गेली?

‘जंजीर’ म्हटलं की लोकांना खुर्ची आठवते. पोलीस ठाण्यात शेरखान तोऱ्यात येतो, बसायला जातो आणि इन्स्पेक्टर विजय खन्ना लाथेने खुर्ची उडवून लावतो. पन्नास वर्षं उलटली तरी गॅदरिंगमधले मिमिक्रीवाले त्या एका लाथेवर टाळ्या घेतात. २०१३ साली ‘जंजीर’ नव्याने काढला तेव्हाही ती खुर्ची आणि ती लाथ निर्मात्यांनी नीट सांभाळून ठेवली. सांभाळली नाही ती माला. आणि माझं म्हणणं असं की त्या जुन्या चित्रपटाचा जीव खुर्चीत नव्हताच, तो मालाच्या साक्षीत होता.

मित्रांनो, आपल्यासमोर उपवर्गीकरणाचा वाद आहे, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात आणि ही बाई केव्हाच पडलेल्या एका रिमेकवर काय लिहीत बसली, असं कुणालाही वाटेल. पण मी गेली काही वर्षं अट्रॉसिटीच्या केसेसमध्ये फिर्यादी आणि साक्षीदारांसोबत कोर्टाच्या बाकावर बसते. आपल्या केसेस पोलीस ठाण्यात मरतात हे आपण भाषणांतून सांगतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही त्या तेवढ्याच मरतात, हे आपण फारसं सांगत नाही, कारण तिथे फितूर होणारा कधी कधी आपल्याच वस्तीतला असतो. म्हणून मला हा चित्रपट महत्त्वाचा वाटतो.

ज्यांनी जुना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रकाश मेहरांचा ‘जंजीर’ ११ मे १९७३ ला आला. लिहिला होता सलीम-जावेद यांनी. त्या काळी पोस्टरवर लेखकाचं नाव टाकायची रीत नव्हती, तेव्हा या दोघांनी रंगारी लावून मुंबईतल्या पोस्टरांवर स्वतःची नावं रंगवून घेतली. (हा किस्सा मला फार आवडतो. आपलं नाव कुणी लिहीत नसेल तर डबा-ब्रश आपणच उचलायचा, हे आपल्या लोकांना वेगळं शिकवावं लागत नाही.) कथेतल्या तेजाचे धंदे काळे आहेत, त्यात बनावट औषधं आहेत, विषारी दारू आहे. विजयचे आईवडील दिवाळीच्या रात्री मारले जातात, पोरगा मारेकऱ्याच्या मनगटावरची घोड्याची साखळी तेवढी बघतो, मोठा होऊन इन्स्पेक्टर होतो. इथपर्यंत नेहमीचंच.

मग एक ट्रक मुलांना चिरडून पळून जातो. ते पाहते माला. जया भादुरीने केलेली ही माला रस्त्यावर गात, हाका मारत चाकू-सुऱ्यांना धार लावून पोट भरणारी अनाथ पोरगी आहे. तेजाची माणसं तिला गप्प राहण्याचे पैसे देतात आणि ती ते घेते. ती घेते, हे लक्षात ठेवा. हिंदी चित्रपटाची नायिका असून ती पैसे घेते, कारण लेखकांना ठाऊक होतं की उद्याची भाकरी ज्याच्या हातात नाही त्याच्यासाठी नोट म्हणजे काय असते. विजय तिच्यावर संतापतो, तिला शवागारात नेतो आणि त्या मुलांची प्रेतं दाखवतो. ती बदलते. लाच म्हणून मिळालेले पैसे अनाथाश्रमाला द्यायला सांगते आणि आरोपीला ओळखते. त्याच रात्री गुंड तिच्या मागे लागतात. ती रेल्वेचे रूळ ओलांडून पळते आणि विजयच्या दारात येऊन आसरा मागते.

चित्रपट तिची जात सांगत नाही. आपला हिंदी चित्रपट नायकाचं आडनाव खन्ना, मल्होत्रा, वर्मा असं ठासून सांगतो आणि बाकीच्यांना नुसत्या नावावर ठेवतो. पण दारोदार फिरून धार लावणारे लोक कोण असतात हे आपल्याला कुणी सांगायला नको. आमच्या मनमाडला शिकलगार यायचे. सायकल स्टँडवर उभी करून पॅडल मारायचे, दगड फिरायचा, ठिणग्या उडायच्या आणि आम्ही पोरं त्या ठिणग्यांकडे बघत राहायचो. यांच्यातल्या एखाद्या बाईने पोलीस ठाण्याची पायरी चढून अमक्याने मुलांना चिरडलं असं सांगणं म्हणजे काय, याचा अंदाज करा. ज्यांना ठाण्यात नेहमी आरोपी म्हणूनच नेलं जातं, त्यांच्यातली एक बाई साक्षीदार म्हणून उभी राहते. माझ्या लेखी १९७३ च्या ‘जंजीर’मधली खरी मारामारी ती आहे.

मी तो पहिल्यांदा पाहिला तो जयंतीच्या रात्री. वडील रेल्वेच्या कारखान्यात होते. वस्तीतले लोक वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे, विहारासमोर सतरंज्या पडायच्या आणि मिरवणूक संपली की पहाटेपर्यंत तीन पिक्चर चालायचे. खुर्चीला पोरांनी शिट्ट्या मारल्या. शवागाराच्या प्रसंगाला मात्र बायका गप्प झाल्या. माझी आई मागे भिंतीला टेकून बसली होती. शेजारणीला म्हणाली, “घेतलेले पैसे परत करायला लई छाती लागते गं.” मी नऊ-दहा वर्षांची असेन. तेव्हा मला ते वाक्य काही विशेष वाटलं नव्हतं. आता कोर्टात बसल्यावर दर महिन्याला आठवतं.

मनमाड हे आपल्यासाठी नुसतं जंक्शन नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांनी इथेच रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. गावाजवळ पानेवाडीला तेलाचे मोठे डेपो आहेत. लहानपणापासून आम्ही टँकरच्या रांगा बघत आलो. त्या रांगांच्या आजूबाजूला ढाबे, ढाब्यांच्या मागे ड्रम, आणि त्या ड्रमांत काय चालतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. २५ जानेवारी २०११ ला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथेच भर दिवसा जिवंत जाळण्यात आलं. भेसळीच्या संशयावरून ते चौकशीला थांबले होते. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला कुणाच्या तोंडून आवाज निघत नव्हता. पुढे राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, ठिकठिकाणी छापे पडले, वर्तमानपत्रांत रोज ‘तेल माफिया’ हा शब्द येऊ लागला.

त्याच वर्षी ११ जूनला मुंबईत पवईला पत्रकार जे. डे यांचा खून झाला. तेल माफियांवर ते लिहीत होते, म्हणून सुरुवातीला संशय तिकडेही गेला. पुढे न्यायालयात तो धागा वेगळ्याच टोळीपर्यंत पोहोचला, ते असो.

दोन वर्षांनी कळलं की नवा ‘जंजीर’ तेल माफियांवर आहे आणि त्यात मनमाडच्या घटनेचा आधार घेतलाय. माझं एम.ए. नुकतं संपलं होतं. आम्ही मनमाड-नांदगावकडच्या चार मैत्रिणी ६ सप्टेंबर २०१३ नंतरच्या पहिल्याच रविवारी थिएटरात गेलो. आम्हाला अपेक्षा होती, हे कबूल करते. आमच्या रस्त्यावर घडलेली गोष्ट एवढ्या मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच येत होती.

दिग्दर्शक अपूर्व लाखिया, विजयच्या भूमिकेत राम चरण, माला प्रियांका चोप्रा, शेरखान संजय दत्त, तेजा प्रकाश राज. तेलुगूत हाच चित्रपट ‘तूफान’ नावाने आला. समीक्षकांनी झोडपला, प्रेक्षकांनीही पाठ फिरवली. सगळे म्हणाले की राम चरणला अमिताभची सर नाही. हे मला पटत नाही. म्हणजे सर नाही हे खरंच, पण चित्रपट त्यामुळे पडला असं नाही. नट बदलल्याने गोष्ट मरत नाही. आपल्याकडे एकच भीमगीत शंभर गायक गातात, प्रत्येक वेळी ते उभं राहतं. चित्रपट पडला तो गोष्टीतली माणसंच काढून टाकल्यामुळे.

तेलाचंच बघा. भेसळ म्हणजे काय असतं? रेशनचं रॉकेल निळं असायचं. ते काळ्या बाजारात गेलं तर ओळखू यावं म्हणून त्यात मुद्दाम रंग घालत. अनुदानामुळे ते डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त पडायचं, आणि त्या दोन भावांमधला जो फरक, तोच माफियाचा नफा. म्हणजे जे रॉकेल टँकरमध्ये ओतलं गेलं ते कुणाच्या तरी स्टोव्हमधून काढलेलं होतं. आमच्याकडे महिन्याचं रॉकेल पंधरवड्यात संपायचं. आई डबा घेऊन रेशन दुकानाच्या रांगेत उभी राहायची आणि दुकानदार म्हणायचा, गाडी आलीच नाही. गाडी यायची, पण ती आमच्याकडे यायची नाही. भेसळीचा धंदा हा आधी गरिबाच्या चुलीवरचा दरोडा आहे आणि मग इंजिनाचं नुकसान. त्या धंद्याला हात घालणाऱ्या अधिकाऱ्याला जाळलं गेलं. ही मांडणी कुणी केली असती तर चित्रपट थरारक झाला असता आणि आमच्या आयांना कळलाही असता. नव्या ‘जंजीर’मध्ये टँकर आहेत, स्फोट आहेत, तेजाची ऐश आहे, ‘पिंकी’ नावाचं नाचगाणं आहे. रॉकेलच्या रांगेतलं एकही घर नाही.

जुन्यात तसं नव्हतं. ओम प्रकाशने केलेला डिसिल्वा आठवा. विषारी दारू पिऊन नाताळच्या दिवशी त्याची तीन मुलं मेली, आणि तो रिकामी बाटली घेऊन वेड्यासारखा फिरतो. तोच इन्स्पेक्टरला निनावी फोन करून धंद्याच्या खबरा देतो. म्हणजे विजयला जे काही कळतं ते त्याच्या हुशारीने नाही, एका उद्ध्वस्त बापाच्या फोनमुळे कळतं. गुन्ह्याचा बळी कोण, हे तो चित्रपट नाव घेऊन सांगतो. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. ती कुठल्या वस्त्यांमधली होती हे वेगळं सांगायला नको. म्हणजे डिसिल्वा जुना झालेला नाही.

आता माला. नव्या चित्रपटात ती न्यूयॉर्कची आहे. फेसबुकवरच्या मैत्रिणीच्या लग्नाला भारतात येते आणि खून बघते. धार लावणारी बाई गेली आणि तिच्या जागी सुट्टीवर आलेली पाहुणी आली. निर्मात्यांनी हा बदल विचार करून केला असेल असं मला वाटतही नाही. त्यांना मल्टिप्लेक्सचा प्रेक्षक हवा होता, गाण्यांना कपडे हवे होते, प्रियांकाला दगडावर सुरी घासायला लावणं जुनाट वाटलं असेल. पण या एका बदलाने अख्खी गोष्ट बसली. साक्ष देणाऱ्याचं मोल तो काय गमावू शकतो यावरून ठरतं. न्यूयॉर्कच्या मालाला जिवाची भीती आहे, ती मी नाकारत नाही. पण तिला परत जायला दुसरा देश आहे. तिला गुंड सोडून कुणी विकत घेऊ शकत नाही, कारण तिच्या घरी चूल पेटायची थांबलेली नाही. वस्तीतल्या, गावातल्या साक्षीदाराला ठार मारण्याची गरजच पडत नाही. किराणा बंद करता येतो, मजुरी बंद करता येते, दळण बंद करता येतं.

नाव-गाव न सांगता एक गोष्ट सांगते. जयंतीच्या मिरवणुकीनंतर एका पोराला पारापाशी अडवून मारलं, जातीवरून शिव्या दिल्या. दोषारोपपत्रात मोजके साक्षीदार होते. त्यातला चहाच्या टपरीवाला कोर्टात म्हणाला की त्या दिवशी मी टपरी उघडलीच नव्हती. माझा त्याच्यावर राग नाही. टपरी ज्याच्या जागेत आहे तो आरोपीचा चुलता आहे. आणखी एक साक्षीदार होती आमच्याच वस्तीतली मावशी, ऊसतोडीला जाणारी. समन्स निघालं जानेवारीत. जानेवारीत ती गावात कशी असणार? पोलिसांनी शेरा मारला की साक्षीदार गावी मिळून आली नाही. दोनदा असंच झालं. आम्ही मुकादमाचा नंबर शोधून कोल्हापूरकडच्या फडापर्यंत गेलो. मावशी कोयता बाजूला ठेवून पाचटावर बसली आणि म्हणाली, “येते. पण खाडा कोण भरील?” नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एक गेलं की दोघांचं काम बसतं आणि मुकादम खाड्याचे पैसे उचलीतून कापतो. रात्रीच्या दोन एस्ट्या बदलून ती कोर्टात आली. आरोपीचे वकील गैरहजर. पुढची तारीख.

पुढच्या तारखेला ती पुन्हा आली. या मधल्या दिवसांत मुकादमामार्फत तिला निरोप आला होता की साक्षीला गेली नाही तर पुढच्या हंगामाची उचल वाढवून मिळेल. नोट थेट हातात कुणी देत नाही आता, ती उचलीत मिसळून येते. वकिलाने उलटतपासात विचारलं, तुम्ही शिकलेल्या नाहीत, मग घटना पाराच्या कुठल्या दिशेला घडली हे कसं सांगता? मावशी म्हणाली, “दिस उगवतो तिकडं उगवत. शिकलं नाही तरी उगवतो.” न्यायाधीशांनीही मान खाली घालून हसू दाबलं. केस अजून चालू आहे. पुढच्या हंगामात त्या मुकादमाने तिला घेतलं नाही, ती दुसऱ्या टोळीबरोबर कमी उचलीवर गेली. प्रवासखर्चाचा आणि भत्त्याचा अर्ज दिलाय, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे.

हा भत्ता कुणाची मेहेरबानी नाही. अट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत नियम ११ आहे. त्यात पीडित आणि साक्षीदार दोघांनाही प्रवासखर्च आणि शेतमजुरीच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही असा दैनिक भत्ता द्यायला सांगितलंय. २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १५अ तर आपण तोंडपाठ करायला हवं. पीडित, त्याच्यावर अवलंबून असलेले आणि साक्षीदार यांना धाकदपटशा, आमिष आणि हिंसा यांपासून संरक्षण देणं हे त्यात राज्याचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. तपासात आणि खटल्यात सामाजिक कार्यकर्त्याची मदत घेण्याचा हक्कही त्याच कलमात आहे, म्हणून तर मी त्या बाकावर बसू शकते. महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणासाठी २०१७ साली स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महेंदर चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजना मंजूर करून देशभर लागू केली. कागदावर पाहिलं तर आजच्या मालाची सोय विजयच्या घरापेक्षा कितीतरी चांगली आहे.

आणि तरीही खर्ड्याचं काय झालं ते आपण पाहिलं. एप्रिल २०१४ मध्ये आपलं एक शाळकरी पोरगं मारलं गेलं. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. आपण मोर्चे काढले, निषेध केले, सरकारला जाब विचारला आणि ते बरोबरच होतं. पण त्या तीन-साडेतीन वर्षांत त्या साक्षीदारांच्या घरी आपल्यापैकी किती जण चहा प्यायला गेले असतील? हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारते तसा माझ्या संघटनेतही विचारते.

बाबासाहेबांना ही मेख पक्की ठाऊक होती. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली. गावात बहिष्कार कशासाठी वापरतात? मारून टाकण्यासाठी नाही, तोंड बंद करण्यासाठी. साक्षीदार तोडायचं ते सगळ्यात जुनं हत्यार आहे, आणि मुकादमाच्या उचलीत ते अजून धारदार आहे.

जुन्या ‘जंजीर’ला मी डोक्यावर घेऊन नाचत नाही. त्यातही खोट आहे आणि ती मोठी आहे. मालाला संरक्षण मिळतं ते एका भल्या इन्स्पेक्टरच्या घरात, कायद्याच्या छताखाली नाही. तो इन्स्पेक्टर उद्या बदलून गेला तर? आणि त्या आसऱ्याची किंमतही ती मोजतेच. विजयची वहिनी तिला घर कसं ठेवायचं ते शिकवते, इंग्रजी शिकवते. पैसे परत करून आरोपीला ओळखणारी बाई मध्यंतरानंतर हळूहळू नायकाची वाट बघणारी होते. धार लावायचा दगड पुन्हा दिसत नाही. म्हणजे मालाला पडद्यावरून घालवायची सुरुवात १९७३ मध्येच झाली होती, २०१३ ने ती पुरी केली इतकंच.

रागाचंही तसंच. ‘जंजीर’ने ‘अँग्री यंग मॅन’ दिला असं सगळे समीक्षक लिहितात. पण तो आला तेव्हा या शहरात खरा संतापलेला तरुण आधीच रस्त्यावर होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ब्राह्मणगाव आणि बावडा या नावांनी तेव्हा वस्त्यांमध्ये आग लावली होती. जानेवारी १९७४ मध्ये वरळीची दंगल झाली, त्यात भागवत जाधव शहीद झाले. या दोन घटनांच्या मधोमध, त्याच शहराच्या थिएटरांत, विजय खन्नाचा राग हाउसफुल्ल चालला होता. वस्तीतली पोरंही पिटात बसून त्या रागाला शिट्ट्या मारत होती, कारण त्यांचा स्वतःचा राग पडद्यावर कुणी घेत नव्हतं. सलीम-जावेदनी पँथर बघून विजय लिहिला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. मी एवढंच म्हणते की रागाला आडनाव मिळालं ते खन्ना, आणि ज्यांच्या अंगावर वरळीत दगड पडत होते त्यांना तिकीट काढून तो राग बघावा लागला.

रिमेकमध्ये तर तेवढाही राग उरला नाही. विजय आता एसीपी आहे, हैदराबादहून बदलून मुंबईत आलेला. सुरुवातीपासून त्याचे स्नायू फुगलेले आहेत आणि कपाळाला आठी आहे, पण कशावर चिडलाय ते कळत नाही. जुन्या विजयवर लाचेचा खोटा आळ येतो, नोकरी जाते, तुरुंगात जावं लागतं. व्यवस्था आपल्याच माणसाला कसं खाते ते दिसतं. नव्यात व्यवस्था म्हणजे तेजा आणि त्याचे गुंड. त्यांना बडवलं की प्रश्न मिटला. माझी एक मैत्रीण थिएटरातून बाहेर पडताना म्हणाली, “यांनी सोनवणे साहेबांना नुसतं इंटरव्हलपर्यंत वापरलं.” मला तिचं वाक्य अजून खोडता आलेलं नाही. एका खऱ्या माणसाचं खरं मरण घ्यायचं आणि त्याच्यामागचा रस्ता, ढाबा, ड्रम, रांग काहीच घ्यायचं नाही, ही चोरी आहे. मूळ कथेच्या हक्कावरून सलीम-जावेद न्यायालयात गेले, त्यांना तसं जाता आलं. पानेवाडीच्या रस्त्याने कुणावर दावा करायचा?

कुणी म्हणेल, ताई, आता आपला सिनेमा आलाय, जुन्या खन्नांचं कशाला? आलाय, आणि त्याचा मला अभिमान आहे. २०२१ च्या ‘जय भीम’मधली सेंगणी बघा. पोटुशी बाई, नवरा कोठडीत मेलेला, आणि समोरून तडजोडीचे पैसे चालून आलेले. ती ते नाकारते. मालाने पैसे घेऊन परत केले, सेंगणी घेतच नाही. मला दोघी हव्यात. कारण माझ्या कामात सेंगणी क्वचित भेटते. घेऊन मग रात्रभर झोप न आलेल्या माला खूप भेटतात, आणि त्यांच्याशी कसं बोलायचं हे आपल्या कार्यकर्त्यांना येत नाही. आपण त्यांना एका वाक्यात गद्दार म्हणून मोकळे होतो. विजय तिला शवागारात घेऊन गेला, तसं आपण तिला पीडिताच्या आईकडे घेऊन जातो का? आणि रात्री ती पळत आली तर कुणाच्या दारात येईल, हे आधी ठरवून ठेवतो का?

आमच्या शिबिरात आता मी १९७३ च्या ‘जंजीर’चा ट्रकपासून मालाच्या पळण्यापर्यंतचा तुकडा लावते आणि तिथेच बंद करते. मागच्या वेळी एका पोराने बरोबर विचारलं, “ताई, विजयचं घर नसतं तर?” मग आम्ही अर्ज काढतो. २०१८ च्या योजनेत प्रत्येक जिल्ह्यात सक्षम प्राधिकारी म्हणून समिती आहे. जिल्हा व सत्र न्यायाधीश अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य, सरकारी अभियोग विभागाचे जिल्हा प्रमुख सदस्य सचिव. अर्ज सदस्य सचिवांमार्फत जातो. त्यावर पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवतात, तो पाच कामाच्या दिवसांत यायला हवा, आणि धोका तातडीचा असेल तर अहवालाआधीही अंतरिम संरक्षण मागता येतं. ही योजना गंभीर शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे, त्यामुळे तुमचं कलम त्यात बसत नसेल तर विशेष न्यायालयात कलम १५अ खाली अर्ज करा. अर्जात धमकी कुणी, कधी, कुणामार्फत दिली ते तारखेसह लिहा. उचल, किराणा, जागेचं भाडं यातून आलेला दबावही लिहा, तो लिहायचा राहतो. साक्षीदार हंगामाला बाहेर जाणार असेल तर फडाचा पत्ता आणि मुकादमाचा नंबर आधीच सरकारी वकिलांकडे लेखी द्या, म्हणजे समन्स ‘मिळून आली नाही’ म्हणून परत येणार नाही. दोन प्रती काढा आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. मावशीच्या वेळी आमच्याकडे पोच होती, म्हणून तिचा भत्त्याचा अर्ज निदान हरवलेला नाही.

जय भीम.